एका अर्ध्या पुस्तकाचा शोध

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी अतिशीतित पाण्याविषयी बोलत होतो. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते असे आपण मुलांना सांगतो. पण स्वच्छ पाणी न हलवता सावकाश थंड करत नेले, तर ते शून्याच्या बरेच खाली जाऊनही द्रवच राहू शकते आणि मग निमित्त मिळताच क्षणात गोठू लागते. विषय रंगावा म्हणून मी नेहमीची गोष्ट सांगितली. एका विज्ञान कादंबरीत काही माणसे धूमकेतूवर अडकतात. तिथल्या कडाक्याच्या थंडीतही समुद्र गोठत नाही. मग एक लहान मुलगी किनाऱ्यावरून दगड भिरकावते आणि क्षितिजापर्यंतचा समुद्र तडतडत गोठून जातो.

तास संपल्यावर एक शिक्षिका जवळ आल्या. "सर, पुस्तकाचं नाव सांगता का? वर्गात वाचून दाखवीन म्हणते."

मला नाव सांगता आले नाही. लेखकाचेही नाही. ही गोष्ट मी दहा-बारा वर्षे सांगत आलो होतो, आणि ज्या पुस्तकाच्या आधारावर सांगत होतो ते मी कधी हातात घेतलेलेच नव्हते. त्याहून ओशाळवाणी गोष्ट म्हणजे त्या माणसांचे पुढे काय झाले, ती पृथ्वीवर परत आली की नाही, हेही मला ठाऊक नव्हते.

त्याला कारण होते. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीत होतो. १९९४ चा जुलै महिना. १६ ते २२ जुलै या आठवड्यात शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे एकामागून एक गुरू ग्रहावर आदळले. रेडिओवर त्याच्या बातम्या येत होत्या आणि गावात 'आता पृथ्वीवर कधी?' ही चर्चा होती. आमच्या गुरुजींनी भीती घालवण्याचा एक न्यारा मार्ग काढला. शनिवारच्या शेवटच्या तासाला त्यांनी पिशवीतून एक जुने पुस्तक काढले आणि धूमकेतू पृथ्वीला घासून जातो ती गोष्ट वाचायला सुरुवात केली. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर होते, त्यामुळे नाव दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींची बदली झाली. पुस्तक त्यांचे स्वतःचे होते; ते त्यांच्याबरोबर गेले. आमची गोष्ट समुद्र गोठला तिथेच राहिली.

गुरुजी आज हयात नाहीत. तेव्हा त्यांना विचारण्याची सोय उरली नव्हती.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अज्ञात क्षार ओळखायला दिला, की आपण रंग पाहतो, ज्योतीत धरतो, एकेक कसोटी लावून नको ती नावे गाळत जातो. मी तसेच करायचे ठरवले. आठवणींची यादी केली. सूर्य पश्चिमेला उगवतो. दिवस फार लवकर संपतो. माणसे लांबलांब उड्या मारतात. अंडी नेहमीच्या वेळेत शिजत नाहीत, कारण पाणी सहासष्ट अंशांनाच उकळते. (हा आकडा पक्का होता. सहासष्ट की शहाण्णव यावरून माझे बाकावरच्या मित्राशी भांडण झाले होते आणि गुरुजींनी पान उघडून दाखवले होते.) माणसे ज्वालामुखीच्या पोटात घर करतात. आणि शेवटी तो समुद्र.

धूमकेतू हा शब्द घेऊन शोधायला निघालो. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा पहिल्यांदा समोर आली. पण तिच्यात धूमकेतू पृथ्वीवर येऊ घातला आहे, धूमकेतूवर कोणी राहायला जात नाही. एच. जी. वेल्सच्या १९०६ च्या 'इन द डेज ऑफ द कॉमेट'मध्ये धूमकेतूच्या वायूने माणसांची मनेच बदलतात. तेही नव्हे. वेल्सच्याच 'द फर्स्ट मेन इन द मून'ने मला काही दिवस चकवले. तिथे चंद्रावरची हवा रात्री गोठते आणि सूर्य उगवताच तिची वाफ होते. लांब उड्याही आहेत. पण तिथे ना गोठणारा समुद्र, ना अंडी. दोन-तीन वाचनालयांच्या तालिका 'धूमकेतू' या शब्दाखाली चाळल्या, त्यात खगोलशास्त्राची पुस्तके निघाली, कादंबरी नाही.

गाठ सोडवली ती पुण्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी. मी निम्मी गोष्ट सांगितली असेल-नसेल, त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही धूमकेतू म्हणून कशाला शोधताय? शेंडेनक्षत्र म्हणून बघा. भा. रा. भागवतांचं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'!"

माझी आजी धूमकेतूला शेंडेनक्षत्रच म्हणायची. गुरुजींनीही तोच शब्द वाचला असणार. शाळा-कॉलेजात गेल्यावर मी त्या शब्दाच्या जागी मनातल्या मनात पाठ्यपुस्तकातला शब्द बसवला, आणि तोच घेऊन तालिका चाळत बसलो. 'फास्टर फेणे'चे लेखक म्हणून भागवत सर्वांना ठाऊक आहेत. पण ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरी आणून बसवण्याचे मोठे काम त्यांचेच. तसा व्हर्न मराठीत आधीच आला होता. त्याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप 'केरळ कोकिळ' मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभीच क्रमशः येत होते. मात्र तो मोठ्यांचा व्हर्न होता.

'मुक्काम शेंडेनक्षत्र'चे कार्ड त्या वाचनालयाच्या खणात सापडले, पुस्तक मात्र कपाटात नव्हते. तेव्हा मी मूळाकडे वळलो. हे पुस्तक म्हणजे व्हर्नची १८७७ ची 'हेक्टर सर्व्हाडॅक' ही कादंबरी. इंग्रजीत ती 'ऑफ ऑन अ कॉमेट' या नावानेही ओळखली जाते. नायकाचे आडनाव उलटे वाचले, तर फ्रेंचमध्ये 'प्रेते' असा अर्थ होतो. मुलांच्या पुस्तकात लेखकाने हा आचरट विनोद का करून ठेवला कोण जाणे.

ही कादंबरी पहिल्यांदा छापली गेली ती एका शैक्षणिक नियतकालिकात. पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाने १८६४ मध्ये शिक्षण आणि मनोरंजन ही दोन्ही नावे मिरवणारे एक पाक्षिक काढले, आणि त्यातला त्याचा सहकारी होता झाँ मासे. हा मासे मुलींच्या शाळेतला शिक्षक. पुढे १८६६ मध्ये फ्रान्समध्ये सार्वत्रिक शिक्षणासाठी मोठी चळवळ उभी केली ती यानेच. व्हर्नच्या कादंबऱ्यांत मध्येच भूगोलाचा तास का सुरू होतो याचे उत्तर इथे आहे. तो तास मुद्दाम घातलेला असे. पुढे एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक निघाले, तेव्हा त्याच्या पहिल्याच अंकात हीच कादंबरी क्रमशः सुरू झाली. म्हणजे माझे निनावी पुस्तक विज्ञानकथेच्या इतिहासात चांगलेच नावाजलेले होते.

आता कसोट्या. कादंबरीची सुरुवात अल्जेरियाच्या किनाऱ्यावर होते. ३१ डिसेंबरच्या रात्री प्रचंड धक्का बसतो आणि सकाळी फ्रेंच कॅप्टन सर्व्हाडॅक व त्याचा शिपाई पाहतात, तर सूर्य पश्चिमेकडून वर येतो आहे. बारा तासांत दिवस-रात्र दोन्ही संपतात. भूमध्य समुद्राचा एक तुकडा आणि काठचे थोडे जग धूमकेतूने खरवडून नेले आहे, पण हे त्यांना फार उशिरा कळते. पहिला निम्मा भाग म्हणजे एक सलग कोडे आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. पात्रांना कोणी काही सांगत नाही. निरीक्षणावरून अनुमान काढावे लागते.

त्यातले अंड्यांचे प्रकरण पाहा. पाणी लवकर उकळते, अंडी मात्र कच्ची राहतात. तापमापक घालून पाहिले तर ६६ अंश. यावरून सर्व्हाडॅक अनुमान काढतो की हवेचा दाब उतरला आहे, जणू आपण ३५,००० फूट उंचीवर आहोत. आज बाष्पदाबाचा तक्ता उघडला, तर ६६ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे १९६ मिलिमीटर पारा मिळतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाचा जवळजवळ चौथा हिस्सा. तेवढा दाब साधारण त्याच उंचीवर असतो. व्हर्नचे गणित पक्के होते. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळते आणि डाळ शिजायला वेळ लागतो हे मुलांना सांगून त्यांना या पानापर्यंत आणता येईल. व्हर्नने सोयीस्करपणे दुर्लक्ष केले ते फुफ्फुसांकडे. ३५,००० फूट म्हणजे आजची प्रवासी विमाने उडतात ती उंची. तिथे कृत्रिम दाब नसलेल्या डब्यात माणसाची मिनिटभरात शुद्ध हरपेल. आणि हे लोक उड्या मारत फिरतात, अंड्यांवरून कुरकुर करतात.

कादंबरीच्या दुसऱ्या भागात, जो आमच्या वाट्याला आलाच नाही, एक तिरसट प्राध्यापक येतो. धूमकेतूचे वस्तुमान काढण्यासाठी त्याला एक मीटर लांबी आणि एक किलोग्रॅम वजन हवे असते आणि जवळ दोन्ही नसतात. तेव्हा तो नाणी मागवतो. पाच फ्रँकच्या चांदीच्या नाण्याचा व्यास ३७ मिलिमीटर, दोन फ्रँकचा २७, अर्ध्या फ्रँकचा १८. पहिली दहा, दुसरी दहा आणि तिसरी वीस नाणी एका ओळीत मांडा: ३७० अधिक २७० अधिक ३६०, बरोबर एक मीटर! पाच फ्रँकचे नाणे २५ ग्रॅमचे, म्हणून चाळीस नाण्यांचा एक किलोग्रॅम. आपल्याकडेही चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा आणि ऐंशी रुपये म्हणजे एक शेर, हा हिशेब जुन्या पेठांत चालत असे. गुरुजी इथपर्यंत पोहोचले असते, तर त्यांनी आमच्याकडून बाकावर नाणी मांडून घेतली असती, यात मला शंका नाही.

पुढची गंमत अधिक महत्त्वाची. हा किलोग्रॅम प्राध्यापक दोन पारड्यांच्या तराजूत तोलत नाही. तो स्प्रिंगचा काटा मागतो. का, ते मुलांना जरूर विचारा. पारड्याच्या तराजूत दोन्ही बाजूंचे वजन सारखेच घटते, म्हणून गुरुत्वाकर्षण कमी झाले तरी काही कळत नाही. स्प्रिंग मात्र ओढ मोजते. काटा दाखवतो की वजन पृथ्वीवरच्या सुमारे सातव्या हिश्श्यावर आले आहे. वस्तुमान आणि वजन यांतला फरक इतक्या स्वच्छपणे सांगणारे दुसरे पान मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही. पण तो काटा ज्या व्यापाऱ्याचा, त्याने तो मुळात खोटा करून ठेवलेला असतो. तो खऱ्यापेक्षा जास्त वजन दाखवतो. सगळे आकडे चुकतात आणि प्राध्यापकाचा तिळपापड होतो. उपकरणातल्या दोषाचा इतका झणझणीत धडा दुसरा नसेल. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा व्यापारी ज्यू आहे आणि व्हर्नने त्याचे चित्र जातीय द्वेषातून, ओंगळपणे काढले आहे. मूळ पुस्तक मुलांच्या हाती देताना याविषयी बोलावे लागेल. मी वाचताना तीन-चार वेळा पुस्तक मिटले.

खगोलशास्त्रात व्हर्न सपशेल घसरला आहे. त्याचा धूमकेतू सूर्याभोवतीची फेरी बरोबर दोन वर्षांत पुरी करतो, आणि तरीही एका टोकाला शुक्राच्या बाजूला येऊन दुसऱ्या टोकाला गुरूच्या कक्षेपर्यंत जातो. केप्लरचा तिसरा नियम लावून पाहू. आवर्तनकाळ वर्षांत आणि सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घेतले, तर काळाचा वर्ग बरोबर अंतराचा घन. दोनचा वर्ग चार. चारचे घनमूळ १.५९. कक्षा कितीही लांबट केली, तरी सूर्यापासूनचे कमाल अंतर याच्या दुपटीपलीकडे, म्हणजे ३.१७ पटीपलीकडे, जाऊच शकत नाही. गुरू तर ५.२ पट दूर आहे. शुक्र ते गुरू अशी कक्षा हवी, तर पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याला हे गणित जमते आणि व्हर्नसारख्याची चूक पकडल्याचा आनंद त्याला दिवसभर पुरतो.

आणखी एक. व्हर्नचा धूमकेतू सातशे किलोमीटरहून अधिक व्यासाचा, सोन्याच्या खनिजाचा बनलेला घट्ट गोळा आहे. १८७७ मध्ये धूमकेतूच्या गाभ्यात काय असते ते कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी तो धूळमिश्रित बर्फाचा गोळा असावा असे सुचवले. १९८६ मध्ये जोत्तो या यानाने हॅलेच्या धूमकेतूचा गाभा जवळून पाहिला. तो जेमतेम पंधरा किलोमीटर लांब निघाला. २०१४ मध्ये रोझेटा यान दुसऱ्या एका धूमकेतूपाशी जाऊन राहिले, तेव्हा त्याची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास भरली. उडी मारण्याचा प्रश्न असा, की तिथून उडी मारली तर माणूस परत खाली येईलच याची खात्री नाही.

आणि शेवट? माणसे परत येतात. जहाजाच्या शिडांचा फुगा शिवून, गरम हवेने तो वर चढवून, धूमकेतू पृथ्वीच्या हवेला भिडतो त्या क्षणी ती पृथ्वीच्या वातावरणात शिरतात. खाली उतरल्यावर कळते की पृथ्वीवर कोणाला काही पत्ताच नाही. टक्कर झाल्याचे कोणाला ठाऊक नाही. सगळे जागच्या जागी. हे कसे, याचे उत्तर व्हर्न देत नाही. तीस वर्षे थांबून मिळालेला हा शेवट वाचून मी रागावलो, असे लिहिले तर वाचक हसतील. पण खरे तेच आहे.

आता त्या समुद्राकडे येतो. कादंबरीच्या पहिल्या भागाच्या अखेरीस ते प्रकरण आहे. म्हणजे गुरुजींची बदली कुठल्या पानावर झाली तेही कळले. वारा नाही, समुद्र आरशासारखा निश्चल, तापमान शून्याखाली. कॅप्टन छोट्या नीनाला बोलावतो आणि तिच्या हातात देतो तो दगड नव्हे. तो बर्फाचा छोटा तुकडा आहे. मी इंग्रजी भाषांतर पाहिले, विश्वास बसेना म्हणून शब्दकोश घेऊन फ्रेंच परिच्छेद लावला. बर्फच.

माझे स्वतःचे काम स्फटिक कसे जन्मतात या विषयातले आहे, म्हणून हा फरक मला झोंबला. द्रवातल्या रेणूंना स्फटिकाच्या रांगेत उभे राहायला एक नमुना लागतो. तो नसला, तर ढगातले अगदी सूक्ष्म, स्वच्छ थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासही द्रव राहतात. दगड टाकल्याने पाणी ढवळून गोठण्यास सुरुवात होईलही, पण भरवसा नाही. बर्फ टाकला तर मात्र नमुनाच हाती दिला. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपले जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत थंड करूनही द्रव राहिलेल्या पाण्यात बर्फाचे कण पडताच ते गोठल्याचे नोंदवले आहे. व्हर्नने बर्फ निवडला तो जाणूनच. अर्थात अख्खा समुद्र असा तडकाफडकी गोठणार नाही. गोठताना बाहेर पडणारी अप्रकट उष्णता उरलेल्या पाण्याला तापवते. उणे १० अंशांचे गोडे पाणी घेतले, तरी जेमतेम आठवा हिस्सा गोठेपर्यंत सगळे शून्यावर येऊन थांबते. समुद्राचे पाणी तर खारट आणि गाळाने भरलेले. ते असे थांबून राहणारच नाही.

मग दगड माझ्या डोक्यात आला कुठून? पुष्कळ विचार केल्यावर एक गोष्ट आठवली. पुढच्याच शनिवारी गुरुजींनी तालुक्याच्या फोटोग्राफरकडून हायपो आणला होता. परीक्षानळीत तो सावकाश तापवला. ४८ अंशांच्या आसपास तो आपल्याच पाण्यात विरघळून पाण्यासारखा झाला. तोंडाला कापूस लावून नळी खिडकीत ठेवली. मधल्या सुट्टीनंतरही द्रव तसाच. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला उभे करून गुरुजी म्हणाले, "टाक खडा!" तिने हायपोचा एक कण आत टाकला आणि वरून खालपर्यंत पांढरी सुईदार लाट उतरत गेली. नळी हाताला चांगली गरम लागली. ती प्रत्येकाच्या हातात फिरली होती.

खडा! खडीसाखरेचा खडा, तुरटीचा खडा, मिठाचा खडा, हायपोचा खडा. आणि बर्फाचाही खडाच. शब्द मी तीस वर्षे नीट सांभाळला होता. फक्त त्यातला बर्फ कधीतरी वितळून मागे दगड उरला होता. गुरुजींनी पुस्तकातून काय वाचले हे त्यामुळे अजूनही माझ्यापुरते सिद्ध झालेले नाही. भागवतांनी त्या जागी कोणता शब्द घातला आहे ते पान पाहिल्याशिवाय मी ठामपणे बोलणार नाही. त्या शिक्षिकेला मी पत्र लिहून पुस्तकाचे नाव कळवले, आणि दगडाची दुरुस्तीही.

'मुक्काम शेंडेनक्षत्र' तुमच्या शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात असेल, तर कृपया समुद्र गोठतो ते पान काढा आणि त्या मुलीच्या हातात काय दिले आहे ते संपादकांकडे कळवा. नुसता शब्द पुरेल. सोबत प्रतीवर कुठल्या शाळेचा शिक्का आहे तेही लिहा. वर्तमानपत्राचे कव्हर अजून असेल, तर काढू नका.